‘त्यांनी केले काय?’

(राष्ट्रीय विज्ञानदिनानिमित्त भरलेल्या शिक्षक व पालक मेळाव्यात खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



विज्ञानदिनाच्या व्यासपीठावर कलाशाखेच्या पदवीधराने उभे राहावे, हे आपणांस थोडे विसंगत वाटेल. प्रयोगशाळेशी माझा संबंध शालान्त परीक्षेबरोबरच संपला. तथापि प्रसिद्धीच्या कामामुळे शास्त्रज्ञांची छायाचित्रे आणि चरित्रे माझ्या हातांखालून सतत जात असतात. त्या कामात माझ्याकडून घडलेली एक चूक आपणांपुढे मांडावी, एवढ्याच हेतूने मी येथे उभा आहे.

काही वर्षांपूर्वी एका शाळेतील प्रदर्शनासाठी मी शास्त्रज्ञांचे फलक तयार केले होते. प्रत्येक फलकावर छायाचित्र, जन्मतारीख, पदव्या आणि मानसन्मान असा मजकूर होता. फलक देखणे झाले. पाहुण्यांनी कौतुक केले. समारंभ आटोपल्यावर सातवीतील एक मुलगी दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या फलकापुढे बराच वेळ उभी असलेली दिसली. मी जवळ गेलो, तेव्हा तिने विचारले, “सर, ह्यांनी केलं काय?” मी म्हणालो, “ते थोर गणितज्ञ होते.” ती म्हणाली, “ते इथं लिहिलंय. पण केलं काय?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. १९०७ साली आपल्याच गोव्यात जन्मलेल्या या विद्वानाचे नाव मी पाठ केले होते. त्याचे काम मी जाणून घेतले नव्हते. त्या दिवसापासून मी शोध सुरू केला, आणि जे हाती आले ते इतके सुबोध होते की, आधी का वाचले नाही याची मला लाज वाटली.

नाणे हातोहाती फिरते तसे ते झिजते, हे बाजारात बसणाऱ्या कोणत्याही माणसाला ठाऊक असते. कोसंबींनी या साध्या गोष्टीला गणित लावले. प्रथम त्यांनी आपल्या काळातील चलनी नाणी हजारोंच्या संख्येने अचूक काट्यावर तोलली आणि वर्षागणिक वजन कसे घटत जाते, याचा नियम बसविला. मग तोच नियम त्यांनी तक्षशिला येथे सापडलेल्या प्राचीन नाण्यांच्या साठ्याला लावून, कोणती नाणी अधिक काळ चलनात होती, याचा अंदाज बांधला. ज्या काळाचा लिखित इतिहास तुटपुंजा आहे, त्या काळाविषयी नाण्याच्या झिजेला बोलते करणे, हे त्यांचे काम. हे ऐकल्यावर सातवीतील मुलाला पदव्यांची यादी लागत नाही. तो घरी जाऊन खिशातली नाणी न्याहाळू लागतो.

मित्रहो, आदर्श या शब्दाचा एक अर्थ आरसा असाही आहे. ज्यात आपला चेहरा दिसेल तो आरसा. केवळ मानसन्मानांच्या यादीत खेड्यातील मुलाला स्वतःचा चेहरा दिसत नाही. कष्टात, जिज्ञासेत आणि अडचणीत तो दिसतो.

माशेल गावी १९४३ साली जन्मलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांचे उदाहरण घ्या. वडील लहानपणीच वारले. आईने मुंबईत मोलमजुरी करून मुलाला वाढविले. त्यांच्या शाळेतील भावे सरांनी एकदा मुलांना उन्हात नेऊन बहिर्गोल भिंगाने कागद पेटवून दाखविला आणि शक्ती एकवटली की काय होते, हे समजावून दिले. माशेलकरांनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आहे. हाच विद्यार्थी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचा महासंचालक असताना, जखमेवर हळद लावण्याच्या उपायावर अमेरिकेत १९९५ साली दिलेले एकस्व, म्हणजे पेटंट, परिषदेने लेखी पुरावे सादर करून १९९७ साली रद्द करविले. आपल्या आजीला जे ठाऊक होते, ते कागदावर सिद्ध करावे लागले. एका भिंगाची किंमत ती काय! परंतु ते भिंग उन्हात घेऊन जाणारा शिक्षक मात्र हवा.

आता पालकांसाठी एक गोष्ट. आजचा हा दिवस डॉ. चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या शोधाचा. द्रवातून विखुरणाऱ्या प्रकाशाच्या अल्पशा भागाचा रंग बदलतो, हे त्यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी पाहिले. त्या स्मरणार्थ १९८७ पासून आपण हा दिवस पाळतो. याच रामन यांनी १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एका विद्यार्थिनीला, केवळ ती स्त्री आहे म्हणून, प्रवेश नाकारला. इंदूरच्या मराठी घराण्यात जन्मलेल्या त्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी. त्या हटल्या नाहीत. समक्ष जाऊन त्यांनी कारण विचारले आणि एक वर्ष पारखून पाहण्याची अपमानास्पद अटही पत्करली. वर्षअखेर त्यांचे काम पाहून रामन यांनी आपले मत बदलले आणि इतर मुलींनाही ते दार खुले झाले. १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. मायदेशी परतल्यावर त्यांनी नीरेतील पोषक द्रव्यांचा अभ्यास केला, तो गरिबांच्या मुलांचे पोषण व्हावे म्हणून.

मी ही गोष्ट रामन यांचे मोठेपण उणे करण्यासाठी सांगत नाही. थोर शास्त्रज्ञही चुकू शकतो, आणि पुरावा समोर आला की त्याला मत बदलावे लागते, हाही विज्ञानाचाच पाठ आहे. मुलांपुढे देव उभे केले तर ती हात जोडतील. माणसे उभी केली तर ती प्रश्न विचारतील. आपल्याला प्रश्न हवे आहेत.

म्हणून माझी विनंती अगदी लहान आहे. पुढील वर्षी या दिवशी तसबिरीला हार घालून आपण थांबू नये. प्रत्येक शाळेने एक शास्त्रज्ञ निवडावा आणि त्याचे एक काम मुलांच्या हातून करवून घ्यावे. एकाच छापाची जुनी व नवी नाणी घेऊन गावच्या सोनाराच्या काट्यावर तोलून पाहावीत. एक भिंग उन्हात धरावे. पालकांनी, घरातील मुलीने विज्ञानशाखेचे नाव काढताच प्रथम तिचे लग्न आठवू नये.

माझे ते फलक मी नंतर पुन्हा लिहून घेतले. पदव्यांची ओळ आता शेवटी, बारीक अक्षरांत आहे. वर ठळक अक्षरांत लिहिले आहे, त्यांनी काय केले ते. त्या मुलीचे नाव मी विचारले नव्हते. तिचा प्रश्न मात्र मी आजवर विसरलो नाही. तो आपणही विसरू नये, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.

जय हिंद!