बाहुली कपाटातून बाहेर काढा

(हिमायतनगर येथे मंडळीच्या सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



टेबलावरची ही रबरी बाहुली पाहून मुलं पुढे येऊन बसली आहेत. बसू द्या. अशा बाहुल्यांचं खेळण्यांशी नातं आहेच. नॉर्वेतले आसमुंड लेर्डाल खेळणी बनवायचे. त्यांनी 1960 मध्ये माणसाएवढी बाहुली केली, ती तोंडाने श्वास कसा द्यायचा हे लोकांना शिकता यावं म्हणून. त्याहीपूर्वी, अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे नावाची सुईण होती. बाईच्या कमरेची आणि बाळाची कापडी प्रतिकृती घेऊन ती गावोगाव फिरली आणि तिने हजारो खेडूत बायकांना बाळंतपण शिकवलं. त्या काळात, बरं का!

आज मोठ्या शहरांत ऑपरेशनच्या आधी रुग्णाच्या हाडाची हुबेहूब प्रतिकृती छापून तिच्यावर बेत ठरवतात. आपल्याकडे 2019 पासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला. त्यातही विद्यार्थ्यांनी रुग्णाला हात लावण्याआधी पुतळ्यांवर सराव करावा, अशी सोय आहे. हे चांगलंच आहे. पण मला बोलायचंय ते आपल्या वाड्या-तांड्यांवरच्या, आंध आणि गोंड वस्त्यांवरच्या बाळांबद्दल.

जन्मलेल्या शंभर बाळांतली दहाएक आपणहून नीट श्वास घेत नाहीत. त्यातली बरीचशी नुसतं कोरडं पुसलं, पाठ चोळली की रडतात. उरलेल्यांना पिशवी आणि मास्कने हवा द्यावी लागते, आणि तीही पहिल्या मिनिटाच्या आत सुरू व्हावी लागते. बाळंतपण दवाखान्यातच व्हावं, हा आपला आग्रह कायम आहे. तरी पावसाळ्यात नाल्याला पाणी येतं, बाई जीपमध्येच बाळंत होते. अशा वेळी भोकरमार्गे नांदेड गाठायला लागणारा वेळ आणि हे एक मिनिट, यांचा मेळ कसा बसायचा? तिथे जवळ असलेल्या माणसाचे हातच कामाला येतात.

आता हे हात कसे तयार होतात ते पाहा. (इथे बाहुलीवर करून दाखवले.) बाहुलीत कोमट पाणी भरलं की ती दोन किलोच्या आसपास भरते आणि खऱ्या बाळासारखी ढिली पडते. मान सरळ ठेवायची, पुढे वाकली तरी वाट बंद आणि फार मागे गेली तरी बंद. मास्क नाक-तोंडावर बसला पाहिजे, डोळ्यांवर नाही. पिशवी दाबली आणि छाती वर आली नाही, तर मास्क गळतोय असं समजा. पुन्हा बसवा. मिनिटाला चाळीसच्या आसपास श्वास. ऐकायला सोपं वाटतं. मागच्या खेपेला आमच्या एका सुईणमावशीने सातव्यांदा मास्क बसवला तेव्हा कुठे छाती हलली. त्या म्हणाल्या, "बाई, हे लेकरू असतं तर गेलं असतं की." सहा वेळा चुकण्याची मुभा बाहुलीच देते.

गावातल्या बायकांना हे जमतं का, असं मला बऱ्याचदा विचारतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. यात ऊब, स्तनपान, जंतुसंसर्गावरचे उपचार असं बरंच काही होतं, सगळं श्रेय श्वासाला देता येणार नाही. पण गुदमरलेल्या बाळांचा हिशेब त्यांनी वेगळा ठेवला होता. जी बाळं गंभीर गुदमरली होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण 39 टक्क्यांवरून 20 वर आलं.

दुसरी गोष्ट टांझानियातल्या हायडॉम या लुथरन मिशन दवाखान्याची, आणि देणगीदारांनी ती नीट ऐकावी. तिथे एक दिवसाचं बाहुली-प्रशिक्षण झालं. बाहुलीवर सगळ्यांचे हात सुधारले, पण महिन्यांनी पाहिलं तर प्रसूतिगृहात वागणं होतं तसंच. मग त्यांनी बाहुली प्रसूतिगृहातच ठेवली आणि वरचेवर, जेमतेम पाच मिनिटांचा सराव सुरू केला. त्यानंतर पहिल्या 24 तासांतले बाळांचे मृत्यू हजारी 11 वरून 7 पर्यंत उतरले.

म्हणून स्पष्ट बोलते. बाहुली भेट द्यायला लोक पटकन तयार होतात. तिचा फोटो निघतो, वार्तापत्रात छापता येतो. पण दर पंधरवड्याला सुईणमावशीला जीपचं भाडं आणि बुडालेली मजुरी द्यायला कोणी पाकीट आणत नाही. त्या शेतमजुरी करतात, एक दिवस सराव म्हणजे एक दिवसाची चूल. मी अशी बाहुली पाहिली आहे जिचं प्लास्टिकचं वेष्टनसुद्धा निघालं नव्हतं. कपाटाची किल्ली साहेबांकडे आणि साहेब रजेवर!

आमच्याकडे सध्या दोन बाहुल्या आहेत, तिसरी नको. हवे आहेत ते चार वस्त्यांतल्या अकरा बायकांच्या वर्षभराच्या सरावाचे पैसे, आणि फाटलेल्या दोन मास्कच्या जागी नवे. महिला मंडळातल्या ज्या भगिनी नर्स म्हणून निवृत्त झाल्या आहेत, त्यांनी महिन्यातून एक दुपार द्यावी. पुढचा सराव येत्या बुधवारी, दुपारी दोनला, इथल्याच हॉलमध्ये आहे. पाणी कोमट करायला स्टोव्ह लागेल, तो कोणीतरी घेऊन या.