तीन फूट खाली पाहा



जांब समर्थला रामनवमीचा उत्सव आटोपतो, तोवर हरभरा आणि ज्वारी घरात आलेली असते. शिवार बरंचसं मोकळं असतं आणि मृगाची पेरणी अजून लांब असते. समर्थ रामदासांच्या या जन्मगावातल्या, आणि साऱ्या घनसावंगी तालुक्यातल्या शेतकरी बंधू-भगिनींना माझं सांगणं आहे, की या दिवसांत शेतात तीन फूट खोल एक खड्डा खोदा. त्याची एक बाजू सरळ उभी तासा आणि नीट पाहा. शास्त्रात याला मृदा-छेद म्हणतात. मातीबद्दलचे बरेच महत्त्वाचे शब्द त्या एका बाजूवर दिसतात.

सगळ्यात वर नांगराखालची भुसभुशीत माती. तिच्याखाली पुष्कळदा एक कडक थर लागतो. ओल्या रानात ट्रॅक्टर घातल्याने तो तयार होतो आणि कपाशीची मुळं तिथे आडवी वळतात. आणखी खाली गेलात की काळ्या मातीची मोठी, तिरकी ढेकळं निघतील. त्यांच्या बाजू घासल्यासारख्या चकाकतात. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि फुगताना तिचे थर एकमेकांवर घसरतात, त्याची ती खूण. त्याखाली चुनखडीचे पांढरे खडे, मग मुरूम, आणि तळाशी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा खडक. आपली जमीन त्याच खडकाची झीज होऊन बनली.

मुरूम कुठे लागला ते आधी मोजा. ही जमिनीची खोली. एकाच बांधाच्या आत वरच्या अंगाला मुरूम फूटभरावर आणि ओढ्याकडे तीन फुटांवरही सापडत नाही, असं पुष्कळदा असतं. मग दोन्ही तुकड्यांना एकच पीक, एकच पाळी आणि एकच खत कसं चालेल?

दुसरा शब्द पोत. वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचं प्रमाण म्हणजे पोत. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान असतो, म्हणून त्याचा एकूण पृष्ठभाग अफाट आणि पाणी व अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकदही मोठी. पण हा कण पाणी घट्टही धरतो. भारी जमिनीत हाताला ओल लागते आणि तरी पीक माना टाकतं, त्याचं कारण हेच. पोत तुम्ही बदलू शकत नाही. हे कण एकमेकांना कसे चिकटून राहतात, ती घडण मात्र पुष्कळशी तुमच्या हातात आहे, आणि ती बिघडते वाफशाची वाट न पाहिल्याने. मूठभर माती दाबा आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाका. गोळा फुटून भुगा झाला तर वाफसा आहे. चिकटून राहिला तर आणखी थांबा, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर सुरू झाला असला तरी.

मोसंबी लावणाऱ्यांनी तर खड्डा पाहिल्याशिवाय कलमं आणूच नयेत. खाली निचऱ्याचा मुरूम असेल तर बाग टिकते. खोल, चिकण, पाणी धरून बसणाऱ्या रानात मूळकूज आणि डिंक्या येतो. आंबे बहाराच्या ताणाचंही तसंच. हलक्या जमिनीत झाड लवकर ताणावर येतं, भारीत कितीतरी दिवस जास्त लागतात. दुसऱ्याच्या बागेचे दिवस मोजून आपल्या बागेचं पाणी तोडू नका. पैठणच्या डाव्या कालव्याखालच्या सखल रानांनी आणखी जपावं. तिथे चर काढून निचरा केला नाही, तर जमीन चिबड होते आणि क्षार वर येतात.

आता सामू, म्हणजे मातीचा पीएच. सात म्हणजे उदासीन, त्यावर विम्लधर्मी. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीचा सामू बहुधा आठच्या आसपास असतो. तिथे स्फुरद चुन्याशी बांधला जातो आणि लोह जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की नुसता युरिया वाढवून उपयोग नाही, अडचण बहुधा लोहाची असते. स्फुरदाचं खतही फेकू नका, बियाण्याच्या जवळ पेरून द्या.

आणि सेंद्रिय कर्ब. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. तो ०.५ टक्क्यांच्या खाली गेला की जमीन कर्बात गरीब समजतात. एका एकरात वरच्या सहा इंचांतली माती साधारण नऊ लाख किलो भरते. म्हणजे कर्ब नुसता ०.१ टक्का वाढवायचा, तर नऊशे किलो कर्ब मातीत टिकून राहायला हवा. आणि शेणखतातला बराचसा कर्ब तर कुजताना हवेत निघून जातो. एका ट्रॉलीने हे भागत नाही. म्हणून पऱ्हाटी, तुराट्या, उसाचं पाचट, सोयाबीनचं भुसकट यांना काडी लावताना मन घट्ट करून हात आवरा. हे सगळं बारीक करून रानातच कुजू द्या.

खड्ड्यात जे दिसत नाही ते प्रयोगशाळा सांगते. एकसारख्या तुकड्यातून नागमोडी चालत दहा-बारा जागी इंग्रजी व्हीच्या आकाराचा, वीतभर खोल खड्डा घ्या. त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने कापा. बांध, उकिरडा, झाडाखाली आणि विहिरीजवळची जागा टाळा. सगळी माती स्वच्छ कापडावर मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन काढून टाका, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. बागेसाठी मात्र तीन फुटांपर्यंत दर फुटाचा नमुना वेगळा ठेवा. माती सावलीत वाळवून जालन्याच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत किंवा खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारपूस करून द्या. आरोग्यपत्रिका हातात आली की नत्राच्या आकड्याआधी सामू, विद्युत वाहकता आणि कर्ब वाचा. नत्र, स्फुरद आणि पालाशाचे आकडे किलो प्रति हेक्टर असतात, आपल्या एकरासाठी त्यांना अडीचने भागा. नत्र हेक्टरी २८० च्या खाली म्हणजे कमी. पालाश हेक्टरी २८० च्या वर असेल, आणि काळ्या रानात तो बऱ्याचदा असतो, तर त्याच्या पोत्याचा खर्च करण्याआधी सहायक कृषी अधिकाऱ्यांना पत्रिका दाखवा.