जोडलेल्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या
(वार्षिक सभेतील व्याख्यान)



वानलेसवाडीच्या आरोग्यधामामुळे सांगली-मिरजेस छातीच्या विकारांची शुश्रूषा नवी नाही. फुप्फुस-प्रत्यारोपणासाठी मात्र सातारा-सांगलीच्या रुग्णास पुण्या-मुंबईस जावे लागते. टोरांटोत १९८३ साली डॉ. जोएल कूपर यांनी या शस्त्रक्रियेस प्रथम दीर्घकाळ टिकणारे यश मिळवून दिले.

नवे फुप्फुस बसविताना श्वासनलिकेची शाखा आणि धमनी शिवतात, तर शिरांचे मुख हृदयाच्या डाव्या कर्णिकेस जोडतात. शिरेचा सांधा आवळला, तिला पीळ पडला वा गुठळी झाली, तर फुप्फुसात पाणी साचते. धमनी अडली, तर हवा आत येते. रक्तच पोहोचत नाही. अशी गुंतागुंत विरळा, पण जीवघेणी. खरी अडचण निदानाची आहे. साध्या क्ष-किरण चित्रात शिरेतील अडथळा, जंतुसंसर्ग आणि शरीराने अवयव नाकारणे ही पुष्कळदा सारखीच दिसतात. मग औषधे वाढत जातात आणि मोलाचे तास निसटतात. म्हणून संशय येताच रक्तवाहिन्या पाहाव्यात. अन्ननलिकेतून केलेली इको तपासणी अतिदक्षता विभागात खाटेपाशीच होते. सीटी अँजिओग्राफी अधिक स्पष्ट दाखविते. मात्र तिच्यातील रंगद्रव्याने मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो, आणि प्रत्यारोपणानंतरच्या औषधांनी तो आधीच आलेला असतो. दोष सापडल्यास फुगा व स्टेंट, अथवा पुन्हा शस्त्रक्रिया.

धमनीचा सांधा कधी काही महिन्यांनीही अरुंद होतो. तोवर रुग्ण गावी परतलेला असतो. धाप वाढली, ऑक्सिमीटरचा आकडा उतरला, तर कुटुंबीयांनी त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्रास दूरध्वनी करावा आणि शस्त्रक्रियेचे टिपण स्थानिक डॉक्टरांपुढे ठेवावे.