ट्रॅक्टरच्या पोटातलं तेल



कपाशी-ज्वारीला उत्पादनखर्चावर भाव मागताना आपण यंत्राचा घसारा हिशेबात धरतो. तो घसारा आपल्याच हातानं वाढू देणं परवडणारं नाही. इंजिनचं तेल आपण आठवणीनं बदलतो, गिअरबॉक्सचं विसरतो. बहुतेक ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक एकाच तेलावर चालतात. ते खराब झालं की दाते झिजतात आणि नांगरही नीट उचलला जात नाही.

म्हणून मृगाआधी मीटरवरचे तास माहितीपुस्तकाशी ताडून पाहू. काम करून आल्यावर, तेल कोमट असताना, सपाट जागेवर खालचा नट सोडू. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे. नटाला बारीक काळा लगदा लागला असेल तर ती नेहमीची झीज; लोखंडाचे तुकडे निघाले तर आधी मिस्त्रीला दाखवू. हायड्रॉलिकची जाळी धुऊ. पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचंच तेल पट्टीच्या खुणेपर्यंत भरू. स्वस्त मिळालं म्हणून दुसरं नको. जुनं तेल विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये.

भावासाठी सरकारशी भांडावं लागतं. हा खर्च आपल्या पान्यानं वाचतो. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं आपल्या मीटरचे तास लिहून आणावेत.