मामाचं गाव, सात दिवस आणि एक सही

माझा आवाज आज जरा बसलाय, सांभाळून घ्या. एका हळदीत पहाटेपर्यंत नाचल्याचा परिणाम आहे.

गेल्या आठवड्यात भाग आला नाही, म्हणून खूप जणांनी मेसेज केले. कारण सांगते. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता आणि मी मामाकडे होते, कशेळ्याला. कर्जत तालुक्यात, कर्जत-मुरबाड रस्त्यावर. डोंबिवलीहून कर्जत लोकल, स्टेशनवर वडा, मग शेअर गाडीत चौथ्या सीटवर सहावा माणूस. एवढं झालं की आलं मामाचं गाव.

आता तुम्ही म्हणाल, सुट्टी म्हणजे आराम. छे! आमच्याकडे हा आठवडा सगळ्यात धावपळीचा. रोहिणी नक्षत्र लागलेलं, मृग तोंडावर. पाऊस यायच्या आत सगळं उरकायचं असतं. कौलं चाळायची, लाकडं आत घ्यायची, भाताचं बियाणं काढून ठेवायचं. आणि आगोट! म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सुके बोंबील, जवळा, मसाला, पापड. पहिले दोन दिवस मी गच्चीवर काठी घेऊन कावळे हाकलत होते. ऑफिसात मीटिंगा हाकलते, इथे कावळे. फार फरक नाही.

बुधवारी आम्ही सगळी भावंडं कोथळीगडावर गेलो. पेठचा किल्लाही म्हणतात त्याला. आंबिवलीतून पहाटे निघालो, कारण नंतर ऊन भाजून काढतं. वर सुळक्याच्या पोटातून खोदलेल्या पायऱ्या आहेत. बाहेर घामाच्या धारा आणि आत पाय टाकला की गारवा. येताना करवंदं खाऊन सगळ्यांची बोटं जांभळी झाली.

गुरुवारी पेज नदीवर. उन्हाळ्यातही तिला पाणी असतं, कारण वरून भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून पाणी येतं. ते वीजघर १९२२ पासून चालू आहे. मामा म्हणतो, "मुंबईवाल्यांनी एसी लावला की आपल्या नदीला पाणी येतं." गंमत वाटते, पण लक्षात ठेवा. पाणी सोडलं की पातळी बघता बघता चढते. ओळखीचा माणूस बरोबर असल्याशिवाय तिथे उतरू नका, रीलसाठी तर अजिबात नको.

आणि मग शुक्रवार. खरं तर त्याच्यासाठीच आज बोलतेय.

रात्री जेवणं झाली, आणि मामाने आईसमोर एक कागद ठेवला. हक्कसोडपत्र. आजोबा गेले तेव्हा सातबाऱ्यावर वारस म्हणून चार नावं लागली. आजी, मामा, मावशी आणि आई. आता रस्त्याला लागून असलेल्या तुकड्याला फार्महाऊससाठी गिऱ्हाईक आलंय. आईने आणि मावशीने हक्क सोडला की मामाला व्यवहार करणं सोपं होतं. मावशीने आधीच हो म्हटलं होतं.

मामाला व्हिलन करू नका हं. आजोबांचं आजारपण त्याने काढलं. चिखलात तो उतरतो, आम्ही फक्त तांदळाचं पोतं घेऊन जातो. त्याच्या मुलीची इंजिनिअरिंगची फी भरायची आहे. त्याची बाजू खोटी नाही.

पण आई गप्प बसली. तुमच्याही घरात ऐकलं असेल, "सही नाही केली तर माहेर तुटेल." कायदा काय म्हणतो ते सांगते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला. देशभर तो २००५ मध्ये आला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने मिळतो, २००५ मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही. कायदा आईच्या बाजूने उभा होता. पण समोर सख्खा भाऊ बसलेला असताना तो कायदा तोंडातून निघत नाही हो.

शेवटी बोलली आजी. लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तिचं नाव ऱ्हाऊं दे. नाव ऱ्हायलं तर ती येत जाईल."

मी लहानपणापासून उलटंच ऐकलं होतं. हक्क सोडला की नातं टिकतं. आजीने एका वाक्यात ते फिरवून टाकलं.

मग आईला धीर आला. ती मामाला म्हणाली, "विकायचं तर पाऊस झाल्यावर सगळे बसून ठरवू. पोरीच्या फीचं मी बघते यंदा. पण सही नाही करत."

मामा उठून बाहेर गेला.

शनिवारी वाडीतल्या लग्नाची हळद होती. मामाही नाचला, पण आईशी बोलला नाही. रविवारी तोच आम्हाला कर्जतला सोडायला आला. पूर्ण रस्ता शांत. डिकीत मात्र तांदळाचं पोतं होतं, दरवर्षीसारखं. गाडी हलली तेव्हा खिडकीतून एवढंच म्हणाला, "पोचलात की फोन कर, ताई."

आईने पोचल्यावर फोन केला. दोन मिनिटं बोलले. पावसाबद्दल.

पुढे काय होईल, मला माहीत नाही. पण लोकलमध्ये बसल्या बसल्या मी माझ्या भावाला विचारलं, "उद्या आपल्यात असा कागद आला तर?" तो हसला. मग गप्प झाला. मग म्हणाला, "बोलू आपण. आत्ताच बोलू." कल्याण येईपर्यंत आम्ही बोलत होतो.

तुम्हीही एक काम करा. महाभूलेखवर आपल्या गावचा सातबारा मोबाईलवर बघता येतो. उघडा, आणि बघा आईचं, आत्याचं, बहिणीचं नाव आहे का. नसेल तर का नाही, ते घरी विचारा. भांडू नका, विचारा.

चला, पाऊस येईल आता. छत्री काढून ठेवा. भेटू पुढच्या भागात!