वाट राखणे : एक विसरलेली वैयावच्च

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी समर्थपणे घेतला आहे. त्याची पुनरुक्ती मी करणार नाही. कार्यवाहांनी मला विषयाची मोकळीक दिली आणि मी 'वाट' हा विषय घेतला. कापडाच्या व्यापाऱ्याने दगडमातीच्या पायवाटांवर बोलावे याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु गेली काही वर्षे आपल्या दोन्ही तालुक्यांत डोंगरवाटा दुरुस्त करणाऱ्या तरुणांबरोबर मी अधूनमधून जात आहे, आणि त्या कामाचा आपल्या धर्माशी जेवढा निकट संबंध आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाचा असेल, असे माझे मत झाले आहे.

प्रथम हे काम काय आहे ते सांगतो. वेल्हे तालुक्याचे नाव २०२५ साली राजगड असे झाले, तरी माझ्या तोंडी वेल्हेच बसले आहे. त्याबद्दल राग मानू नये. या तालुक्यात राजगड आणि तोरणा, भोर तालुक्यात रोहिडा आणि रायरेश्वर. शिवाय केळदहून कोकणात उतरणारा मढे घाट आणि त्याच्या शेजारच्या कितीतरी लहान घाटवाटा. घाटाखालचे मीठ वर यायचे आणि वरचे धान्य व हिरडा खाली जायचा तो याच वाटांनी. तानाजी मालुसऱ्यांचा देह १६७० साली उमरठला नेला तो मढे घाटाने, असे परंपरा सांगते. मोटाररस्ते झाले, वाहतूक तिकडे वळली, धरणांच्या पाण्याखाली काही वाटा बुडाल्या, आणि उरलेल्यांची काळजी घेणारे कोणी राहिले नाही. पूर्वी ती गावकऱ्यांची वहिवाट होती. पावसाळा सरला की माणसे कोयते-पहारी घेऊन निघत. आता गावातले तरुण पुण्यात कामाला आहेत.

ती जागा आज स्वयंसेवकांनी भरली आहे. सह्याद्री प्रतिष्ठान, दुर्गवीर प्रतिष्ठान यांसारख्या संस्था महाराष्ट्रभर गडांवर राबत आहेत. त्यांखेरीज गावोगावची लहान मंडळे आहेत, ज्यांचे नाव वर्तमानपत्रात येत नाही. शनिवारी रात्री मुक्कामाला यायचे, रविवारी दिवसभर काम करून परतायचे. कोणी संगणकाच्या कंपनीत, कोणी बँकेत, कोणी रिक्षा चालवणारा.

त्यांचे काम पाहण्यासारखे आहे. डोंगरवाटेचा खरा शत्रू पाणी. पावसाळ्यात पाणी वाटेवर उतरले की वाटेचाच ओढा होतो, माती वाहून जाते, दगड उघडे पडतात. म्हणून वाटेवर ठरावीक अंतराने तिरक्या रेषेत दगड पुरून पाणी उताराच्या कडेला काढून द्यावे लागते. जिथे कडा ढासळला आहे तिथे आपल्या भातशेतीच्या ताली रचतात तशी कोरडी दगडी ताल रचतात. चुना नाही, सिमेंट नाही. मोठा दगड खाली, त्याचे तोंड डोंगराकडे किंचित झुकते, सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, आणि फटीत चिपा ठोकायच्या. अशा तालीतून पाणी झिरपून जाते, म्हणून ती टिकते. आमच्या धंद्यात उत्तम रफूगार त्याच कापडाच्या कडेचा धागा काढून त्याच कापडाला भरतो. ही रचाई पाहताना मला त्याची आठवण होते, कारण दगड त्याच वाटेवरून घसरलेले असतात.

आता धर्माकडे येतो. वाट दुरुस्त करायची म्हणजे पहार मारायची, माती उकरायची, झुडूप तोडायचे. यात जीवहिंसा नाही का, असा प्रश्न आपल्या संघातील एका ज्येष्ठ श्रावकांनी मला विचारला होता. प्रश्न रास्त आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. पंधरा कर्मादानांत फोडीकर्म सांगितले आहे, म्हणजे जमीन व दगड फोडण्याचा व्यवसाय. तो उपजीविकेसाठी करू नये अशी श्रावकाला शिकवण आहे. वाटदुरुस्ती ही उपजीविका नव्हे, एवढे उत्तर देऊन सुटता येईल, पण मला ते अपुरे वाटते. खरे उत्तर डोंगरावर मिळते.

राजगडाच्या किंवा तोरण्याच्या वाटेवर पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी उभे राहून पाहा. वाट चिखलाने निसरडी झाली की माणूस तिच्या कडेने गवतावरून चालतो. मागचा त्याच्याही कडेने. महिन्याभरात एका वाटेच्या तीन वाटा होतात, आणि प्रत्येकीखाली गवत, कारवीचे कोंभ, गोगलगायी, किडे, मुंग्यांची वारुळे चिरडली जातात. वळणे टाळून सरळ खाली उतरणाऱ्यांच्या आडवाटा वेगळ्याच. पुढच्या पावसात त्या आडवाटांवरून माती वाहते आणि अख्खा उतार उघडा पडतो. म्हणजे एक वाट नीट राखली, तर माणसाचे पाऊल तेवढ्या दोन हात रुंदीत राहते आणि उरलेला डोंगर जीवांसाठी मोकळा राहतो. आपल्या शास्त्रात साधूंनी प्रासुक मार्गाने चालावे म्हटले आहे, म्हणजे जो मार्ग माणसे आणि गुरे यांच्या नित्य वहिवाटीने निर्जीव झाला आहे. वहिवाट तुटली, वाटेवर हिरवळ माजली, की तो मार्ग प्रासुक राहत नाही. ईर्यासमितीचे पालन करणारा साधू पुढची साडेतीन-चार हात भूमी निरखून पाऊल टाकतो. पण ती भूमी निरखण्याजोगी ठेवण्याचे काम त्याचे नाही, ते श्रावकाचे आहे. दुरुस्तीत होणारी अल्प हिंसा मी नाकारत नाही. तिच्यासाठी जयणा पाळावी: दगड हलवण्याआधी त्याखाली पाहावे, वारूळ असेल तर वाट हातभर वळवावी, ओल्या दिवसांत माती उकरूच नये. आमच्याबरोबरचे बहुसंख्य तरुण अजैन आहेत, परंतु दगड उचलण्याआधी काठीने हलवून पाहण्याची सवय त्यांनाही आहे. विंचवाच्या भीतीने असेल. कीटकाच्या दृष्टीने फरक पडत नाही.

चातुर्मास संपून कार्तिक पौर्णिमेला विहार सुरू होतात, शत्रुंजयाची यात्राही त्याच दिवशी पुन्हा उघडते. वाटा साफ करण्याचा हंगामही नेमका तोच. पाऊस थांबलेला, जमीन फार कडक झालेली नाही आणि फार ओलीही नाही. दुसरी फेरी उन्हाळ्याच्या अखेरीस, पाणी काढून देणाऱ्या चरांतला गाळ उपसण्यासाठी.

विहाराचे नाव निघाले म्हणून एक बोलावेसे वाटते. महामार्गावर विहार करताना वाहनाच्या धडकेने साधू-साध्वीजी कालधर्म पावल्याच्या वार्ता आपण वाचतो, हळहळतो, गुणानुवाद सभा घेतो. पुणे-बंगळूर महामार्ग आपल्या दाराशीच आहे. विहारात सोबत चालणारे आपले युवक प्रशंसनीय काम करतात. पण महामार्गाला समांतर अशा गावातून गावात जाणाऱ्या जुन्या पायवाटा आजही आहेत; त्या काट्यांनी भरल्या आहेत म्हणून अनवाणी पायांना डांबरी रस्त्याच्या कडेने चालावे लागते. वैयावच्च ही आपल्याकडे अभ्यंतर तपात गणली आहे. गोचरी, औषध, उपाश्रयाची व्यवस्था यांत आपण कमी पडत नाही. वाटेचा काटा काढणे मात्र त्या यादीतून केव्हा गळाले कोण जाणे.

आपल्याच जिल्ह्यात मावळातील पाले येथे एक लेणे आहे. त्यातील ब्राह्मी शिलालेख डॉ. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी वाचला आणि तो जैन परंपरेचा मानला. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा. त्यात एका भदंताने लेणे आणि पाण्याचे टाके करविल्याची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीत चालणाऱ्याला निवारा आणि पाणी मिळावे अशी सोय झाली, ती कोरून ठेवण्याजोगी वाटली.

आता थोडे कटू बोलतो. वाटेसाठी काही करायचे म्हटले की आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे प्रथम सिमेंटच्या पायऱ्या आणि दात्याची संगमरवरी पाटी येते. भावना चांगली असते. पण डोंगरउतारावर सिमेंटखाली पाणी शिरते, खालची माती वाहते, पायरी पोकळ होते आणि काही पावसाळ्यांत फुटते. मग त्या फुटक्या तुकड्यांपेक्षा मूळचा दगड बरा होता असे म्हणण्याची पाळी येते. उन्हात अनवाणी चालणाऱ्याला ते सिमेंट भाजते ते निराळेच. शिवाय राजगड हे राज्य संरक्षित स्मारक आहे आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा दुर्गांपैकी एक आहे. तिथे पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय दगडही बसवता येत नाही, आणि वनजमिनीवर वनविभागाला विचारावे लागते. जाणती मंडळे आधी पत्र देतात, परवानगी घेतात, मग पहार उचलतात. सिमेंटच्या कामाला एकदा धनादेश दिला की आपण मोकळे होतो. कोरड्या दगडी वाटेला दरवर्षी माणसे लागतात, आणि आपल्या संघाकडे देण्यासारखे धन आहे, माणसे मात्र आपण देत नाही.

दुसरी गोष्ट कुंपणांची. आपल्या दोन्ही तालुक्यांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शहरातील लोकांनी मोठ्या प्रमाणावर जमिनी घेतल्या. या सभागृहात बसलेल्यांपैकीही अनेकांच्या आहेत. जमीन घेतली की पहिले काम तारेचे कुंपण. त्या कुंपणात गावाची पायवाट सापडते आणि वाडीवरच्या शाळकरी मुलांना, दूध घेऊन येणाऱ्या बाईला मैलभर वळसा पडतो. रायरेश्वराच्या पठारावर जंगम कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. काही वर्षांपूर्वी त्यांनी ट्रॅक्टरचे सुटे भाग लोखंडी शिडीवरून वर चढवून नेले आणि वर जोडले. वाट म्हणजे काय हे त्यांना विचारावे.

गावनकाशा उघडून पाहिला तर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखविलेला असतो. वहिवाटीचा रस्ता अडविला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. आणि शेतात जायला वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून रस्ता मागता येतो. पण गरीब माणूस तहसील कार्यालयाच्या किती फेऱ्या मारणार? इंग्लंडात १९४९ च्या कायद्याने स्थानिक परिषदांना पायवाटांचे नकाशे करावे लागले. तिथे शेताला कुंपण असले तरी वाट जिथे कुंपण ओलांडते तिथे चढून उतरण्यासाठी लाकडी पायऱ्या असतात. माणूस जातो, मेंढी जात नाही, आणि त्या पायऱ्या मोडल्या तर गावोगावचे स्वयंसेवक हातोडी घेऊन दुरुस्त करतात. आपल्याकडे एवढीही खटपट नको. दोन उभे दगड किंवा खांब असे रोवावेत की माणूस अंग तिरके करून जाईल आणि गाय-म्हैस अडेल. खर्च जवळपास शून्य. ज्यांची अशी कुंपणे आहेत त्यांनी यंदाच्या दिवाळीपूर्वी गावातल्या एखाद्या वृद्धाला विचारून वाट कुठून होती ते पाहावे आणि तेवढी फट मोकळी करावी, ही माझी हात जोडून विनंती आहे. दान देताना आपण ममत्व सोडतो. इथे दीड हात तार सोडायची आहे.

विश्वस्त मंडळाने माझी एक सूचना मान्य केली आहे, ती जाहीर करून मी थांबतो. यंदापासून कार्तिक पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या रविवारी आपल्या संघातील वीस जण स्थानिक मंडळाबरोबर कामाला जातील. परवानगीचे कागद मंडळाकडे आहेत. सूर्योदयानंतर निघायचे, सूर्यास्तापूर्वी परतून चौविहार साधायचा. नवकारशी बरोबर नेऊ. दुपारी गावातच भाकरी आणि कांदा-लसूण वर्ज्य पिठले मिळेल, उकळलेले पाणी आपण नेऊ. जाड तळव्याचे बूट आणि सुती हातमोजे घरून आणावेत. हातमोज्यांचे कापड मी देतो, शिवून कोणी द्यावेत. पंचेचाळीस वर्षांवरील मंडळींना चिपा गोळा करण्याचे काम आहे, तेव्हा वयाची सबब चालणार नाही. भगिनींसाठी स्वतंत्र तुकडी असेल आणि तिला पहारीचेच काम मिळेल, कारण गेल्या खेपेस त्यांनी तसा आग्रह धरला होता. नावनोंदणीची वही सभागृहाबाहेर डाव्या हाताच्या टेबलावर ठेवली आहे. पहिली ओळ माझ्या नावाची आहे, एकोणीस ओळी रिकाम्या आहेत.

जय जिनेन्द्र.