प्रौढ विद्यार्थ्यांस दोन शब्द



"या वयात कॉलेजात गेलो तर पोरे हसतील," असे आपल्यातील पुष्कळजण म्हणतात. त्यांना माझा एकच सवाल आहे. तुमचे शिक्षण आळसाने सुटले की गरिबीने? गरिबीने सुटले असेल, तर त्याची लाज तुम्ही का बाळगावी?

शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली डॉ. आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईस सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसरी करून त्यांनी पैसा साठविला आणि १९२० साली ते पुन्हा लंडनास विद्यार्थी म्हणून गेले. प्रोफेसराला पुन्हा बाकावर बसण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपणांस का वाटावा?

नोकरी सोडवत नाही, अशी सबब आता चालणार नाही. १९८९ साली नाशिकास मुक्त विद्यापीठ निघाले, ते घर व नोकरी सांभाळून शिकणारांसाठीच. घरच्या मंडळींनीही परीक्षेपुरता कामाचा भार उचलावा. शिकणारी सून असेल तर अगोदर उचलावा.

हसणारी पोरे दोन दिवस हसतील, तिसऱ्या दिवशी तुमचीच टिपणे मागतील. तेव्हा उठा, आणि फी भरण्याची तारीख चुकवू नका!